मोकळे वादन आणि यंत्राची बीट : फ्री जॅझ, हिप-हॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे : “मी संगणकावर बीट, म्हणजे ड्रमच्या आवाजांची ठेक्याची साथ, तयार करतो. माझ्यासोबत फ्री जॅझ वाजवणारे एक सॅक्सोफोनवादक आणि एक ड्रमवादक आहेत, शिवाय एक रॅपर आहे. आम्ही चौघे एकत्र वाजवू लागलो की दोन वेगळ्या ध्वनिमुद्रिका एकाच वेळी लावल्यासारखे वाटते. वादकांना थोडे आवरते घ्यायला सांगावे, की बीटच सोडून द्यावी?”

दोन्हींपैकी काहीही करण्याची गरज नाही. अशा वेळी बहुतेक जण दोष स्वरांवर ढकलतात. सॅक्सोफोन भलत्याच स्वरांत शिरतो आणि बीटमधले कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगुच्छ) वेगळे असतात, म्हणून कानाला खुपते, असे त्यांचे म्हणणे असते. हे निदान मला पटत नाही. हिप-हॉपने विसंवादी आवाज फार आधीपासून पचवलेले आहेत. पब्लिक एनिमी या रॅप गटाच्या ‘रेबेल विदाउट अ पॉज’ (१९८७) या गाण्यात जी किंकाळी सतत फिरत राहते, ती जेम्स ब्राउन यांच्या साथीदारांनी, म्हणजे द जे.बी.ज यांनी, १९७० मध्ये वाजवलेल्या ‘द ग्रंट’ मधील सॅक्सोफोनची आहे. ती कोणत्याही कॉर्डात नीट बसत नाही, आणि तरीही ती काढून टाकली तर गाण्याचा कणाच निघून जाईल. ती खटकत नाही, कारण बाकी सगळे तिला धरून रचलेले आहे. तुमच्या सॅक्सोफोनवादकाची किंकाळी मात्र बीटच्या खिजगणतीतही नाही.

मूळ अडचण इथे आहे. फ्री जॅझमध्ये प्रत्येक वादक इतरांचे ऐकून पुढच्या क्षणाचा निर्णय घेतो. त्या संगीताची सगळी शिस्त या ऐकण्यातच असते. लूप, म्हणजे बीटचा पुन्हा पुन्हा तसाच फिरणारा तुकडा, हा त्या मंडळीतला एकमेव सदस्य, जो कोणाचेही ऐकत नाही आणि तरीही सर्वांत मोठ्याने बोलतो. त्यामुळे मोकळेपणा किती कमी करावा, हा हिशेब बाजूला ठेवावा आणि कोणी कोणाचे ऐकायचे, हे आधी ठरवावे. माझ्या अनुभवात याची तीन उत्तरे निघतात. एक तर वादन आधी होते आणि बीट त्यातून कापून काढली जाते. किंवा बीट हाताने वाजवली जाते आणि ती स्वतःच एक वादक बनते. किंवा वादनाचा काळ आणि बीटचा काळ जाणूनबुजून समांतर चालू ठेवले जातात. तुमच्या गटात यांपैकी काहीच ठरलेले नाही, असे प्रश्नावरून दिसते.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी : तुमचे ड्रमवादक कोणत्या प्रकारचे फ्री जॅझ वाजवतात? हे नाव ऐकले की लय नसलेले संगीत, असा समज होतो आणि तो अर्धाच खरा आहे. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांनी डिसेंबर १९६० मध्ये दोन चौकड्या एकत्र बसवून जे सुमारे ३७ मिनिटांचे वादन ध्वनिमुद्रित केले आणि ज्याच्या नावावरूनच ही शैली ओळखली जाऊ लागली, ते आज पुन्हा ऐकावे. एक चौकडी डाव्या बाजूला आणि एक उजव्या बाजूला आहे, आणि बिली हिगिन्स व एड ब्लॅकवेल हे दोन्ही ड्रमवादक जवळजवळ अखंड स्विंगचा ठेका धरून आहेत. तिथले स्वातंत्र्य कॉर्डांपासूनचे आणि ठरीव आकृतिबंधापासूनचे आहे. याउलट १९६४ मध्ये सॅक्सोफोनवादक अल्बर्ट आयलर यांच्या त्रिकुटात ड्रमवादक सनी मरे जे वाजवतात, त्यात मात्रा मोजताच येत नाहीत. झांजांच्या लाटा येतात, दाटतात, विरतात. पहिल्या प्रकारचा ड्रमवादक बीटवर सहज उभा राहतो. कोलमन यांनी स्वतः १९७० च्या दशकात ‘प्राइम टाइम’ या विजेच्या गिटारींच्या गटासोबत फंकच्या ठेक्यावर तोच मोकळा सॅक्सोफोन वाजवला, तेव्हा त्यांना आपली भाषा बदलावी लागली नाही. दुसऱ्या प्रकारच्या ड्रमवादकाखाली मात्र ग्रिडवरची, म्हणजे संगणकाने समान अंतरावर आखलेल्या मात्रांच्या रेघांवरची, बीट सरकवली की त्याच्या लाटांचा नुसता गोंगाट होतो, कारण आता प्रत्येक आघात ‘बरोबर’ किंवा ‘चुकलेला’ म्हणून ऐकू येऊ लागतो. आपले ड्रमवादक दुसऱ्या प्रकारचे असतील, तर त्यांच्याखाली यंत्राचे ड्रम लावूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पहिला मार्ग, म्हणजे आधी वादन आणि मग बीट. स्टुडिओत हा मार्ग मला सर्वांत फलदायी वाटतो आणि त्याची परंपराही जुनी आहे. जॅझचे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९७० च्या ‘बिचेस ब्रू’ साठी निर्माते टिओ मसेरो यांनी लांबलचक वादनाच्या फिती कापल्या, छोटे तुकडे पुन्हा पुन्हा जोडले आणि कोणीही सलग न वाजवलेली रचना उभी केली. शिकागोचे ड्रमवादक मकाया मॅक्रेव्हन यांनी ‘इन द मोमेंट’ (२०१५) मध्ये तेच तत्त्व हिप-हॉपच्या कानाने वापरले : प्रेक्षकांसमोर पूर्णपणे उत्स्फूर्त वाजवलेल्या कित्येक तासांच्या ध्वनिमुद्रणातून तुकडे निवडले आणि त्यांच्या बीट बांधल्या. जुन्या तबकड्यांऐवजी त्यांनी सॅम्पल, म्हणजे पुन्हा वापरायचे ध्वनितुकडे, स्वतःच्याच गटाकडून घेतले.

हे प्रत्यक्षात कसे करावे, ते जरा जवळून पाहू. समजा, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या वीस मिनिटांच्या मोकळ्या वादनातून तुम्ही असा एक तुकडा निवडला, ज्यात एखादी हालचाल सुरू होऊन पूर्ण होते. हालचाल पूर्ण होते तिथेच कापावे. ग्रिडची रेघ कुठे आहे ते पाहू नये. तो तुकडा ५.३ सेकंदांचा निघाला, असे धरू. आता टेम्पो त्या तुकड्याला विचारावा. त्याला चार-चार मात्रांचे दोन बार मानले, तर आठ मात्रा ५.३ सेकंदांत बसतात आणि टेम्पो मिनिटाला सुमारे ९०.६ मात्रा येतो. तोच तुकडा सात मात्रांचा मानला, तर टेम्पो ७९.२ होतो आणि तेच आघात अगदी वेगळ्या ठिकाणी वजन टाकतात. दोन्ही करून पाहावे, आणि प्रकल्पाचा टेम्पो खरोखरच ९०.६ ठेवावा. तो ९० करण्यासाठी तुकडा ताणण्याचा मोह आवरावा, आणि प्रत्येक आघात ग्रिडला चिकटवणारी सोय तर हमखास बंद ठेवावी. ड्रमवादकाच्या हातात जे काही होते, ते सगळे त्या सोयीमुळे पुसले जाते.

कापलेल्या टोकाकडे लक्ष द्यावे लागते. झांजेचा झंकार लूपच्या शेवटी तुटला की कानाला लगेच कळते, आणि तिथेच ‘हे चिकटवलेले आहे’ ही जाणीव होते. यावर साधा उपाय असा : मूळ ध्वनिमुद्रणात लूप संपल्यानंतरचा जो अर्धा सेकंद आहे, तो हळूहळू विरवत लूपच्या सुरुवातीवर टाकावा, म्हणजे दुसऱ्या फेरीपासून आधीच्या फेरीतला झंकार नैसर्गिकपणे मिटत जातो. पहिल्या फेरीत तो नसेल, हे लक्षात ठेवावे. किक (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा खर्जातला आघात) घालायची असेल, तर ती ड्रमवादकाच्या जोरकस आघातांवर बसवावी आणि फार तर स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) ग्रिडवर ठेवावा. असे केले की खालचा थर माणसाच्या हाताबरोबर चालतो आणि वरची एकच खूण रॅपरला दिशा दाखवत राहते. उलट केले, म्हणजे किक ग्रिडवर आणि स्नेअर मोकळा, तर बहुधा सगळेच डळमळते. निदान माझ्या कानाला तरी ते कधी पटलेले नाही.

दुसरा मार्ग रंगमंचावरचा. इथे बीट वाजवणाऱ्याने लूप सुरू करून हात बांधून उभे राहू नये. रॉजर लिन यांनी आकाय कंपनीसाठी रचलेले आणि १९८८ मध्ये बाजारात आलेले एमपीसी-६० हे यंत्र बोटांनी वाजवण्यासाठीच होते, ही गोष्ट माउसने बीट मांडण्याच्या सवयीत विसरली जाते. त्याचा स्विंग, म्हणजे जोडीतला दुसरा आघात किती मागे ढकलायचा याचे माप, ५० टक्क्यांपासून (सरळ ठेका) ७५ टक्क्यांपर्यंत सरकतो. ९० च्या टेम्पोला ६२ टक्के स्विंग ठेवला, तर जोडीतला दुसरा सोळांश आघात सुमारे ४० मिलिसेकंद उशिरा पडतो. हा डोल ठरावीकच असतो, दर वेळी तेवढाच. हिप-हॉपचे बीटकार जे डिला यांच्या बीट ऐकताना जी ओढ जाणवते, ती वेगळी आहे. ते अनेकदा क्वांटाइझ (आघात आपोआप ग्रिडला चिकटवणारी सोय) बंद ठेवून हाताने वाजवत, त्यामुळे हायहॅट (झांजांची जोडी), स्नेअर आणि किक यांतला प्रत्येक आवाज आपापल्या अंतराने मागेपुढे होतो. मोकळ्या वादकासोबत काम करताना हीच सवय उपयोगी पडते. यंत्रवादकाने यंत्राच्या पॅडवर बोटे ठेवून सॅक्सोफोनचा श्वास ऐकावा आणि किक कधी टाकायची, कधी गिळायची, हे त्या क्षणी ठरवावे. इलेक्ट्रॉनिक संगीतकार कीरन हेब्डन, म्हणजेच फोर टेट, आणि ज्येष्ठ ड्रमवादक स्टीव्ह रीड यांनी २००६ च्या ‘द एक्स्चेंज सेशन’ मध्ये कोणतेही संपादन न करता जे वाजवले, त्यात लूप आहेतच. पण ते सतत कोणीतरी हाताळतो आहे, हे लपत नाही.

यंत्राला खरोखर ‘ऐकायला’ लावणे हाही याच मार्गाचा भाग आहे. ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुइस यांनी १९८० च्या दशकात ‘व्हॉयेजर’ ही संगणकप्रणाली लिहिली, जी वादकाचे स्वर ऐकून प्रतिसाद देते आणि वादक थांबला तरी स्वतःहून वाजवत राहते. सॅक्सोफोनवादक इव्हान पार्कर यांच्या इलेक्ट्रो-अकूस्टिक गटात वाद्यांचा आवाज तिथल्या तिथे उचलून त्यावर प्रक्रिया करणारे कलाकार वादकांच्या बरोबरीचे सदस्य असतात. तुम्हाला एवढ्या खोलात जाण्याची गरज नाही. सॅक्सोफोनच्या मायक्रोफोनमधील आवाजाची चढउतार मोजून तिने बीटवरचा फिल्टर (आवाजाची धार कमी-जास्त करणारी सोय) उघडझाप करावा, एवढी जोडणी केली तरी फरक कानाला कळतो : सॅक्सोफोन चढला की बीट झाकोळते, तो शांत झाला की तिची धार परत येते. वादकाला हे पहिल्या मिनिटात जाणवते आणि तो बीटशी खेळू लागतो.

यात दोन तांत्रिक गोष्टी आडव्या येतात. पहिली विलंबाची. संगणक आवाज थोडा थोडा साठवून पुढे पाठवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० नमुने) २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे एका दिशेला ५.३ मिलिसेकंद, आणि जाऊन-येऊन दहाच्या पुढे. हे चालते, कारण साडेतीन मीटर दूर उभ्या असलेल्या वादकाचा आवाजही तेवढाच उशिरा पोहोचतो. १०२४ नमुन्यांवर मात्र एका दिशेलाच २१ मिलिसेकंद जातात, आणि मग हाताने वाजवण्यात काही राम उरत नाही. दुसरी गोष्ट आवाज मिसळण्याची. सॅक्सोफोनच्या मायक्रोफोनमध्ये झांजा शिरल्या, तर फिल्टर झांजांना प्रतिसाद देऊ लागतो. वाद्यालाच चिमटीने बसणारा मायक्रोफोन लावावा आणि ड्रमवादकाला मायक्रोफोनच्या मागच्या बाजूला बसवावे. टेम्पो ओळखून संगणकाचे घड्याळ चालवणाऱ्या सोयींचा मोह इथे टाळावा. ज्या वादनात मोजता येण्यासारखी मात्राच नाही, तिथे ती सोय टेम्पोचा शोध घेत वेड्यासारखी वरखाली धावते.

तिसऱ्या मार्गाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो सोपा दिसतो आणि बहुतेकांच्या हातून फसतो. लंडनच्या स्प्रिंग हील जॅक या, ड्रम-अँड-बेस या वेगवान इलेक्ट्रॉनिक प्रकारातून आलेल्या जोडीने ‘मासेस’ (२००१) साठी आधी ध्वनिपट तयार केले आणि त्यांवर इव्हान पार्कर, पियानोवादक मॅथ्यू शिप, बासवादक विल्यम पार्कर अशा मंडळींनी मोकळे वादन केले. शिप यांच्याच देखरेखीखाली थर्स्टी इअर कंपनीची ‘ब्लू सिरीज’ निघाली, जिच्यात २००३ मध्ये अँटिपॉप कन्सॉर्शिअम या रॅप गटासोबतची त्यांची ध्वनिमुद्रिका आली. या प्रयोगांमधून माझ्या हाती लागलेला निष्कर्ष असा की, ध्वनिपटात ठेका जितका कमी आणि पोत जितका जास्त, तितके वादन त्यात मुरते. कोणत्याही बदलाशिवाय चार मिनिटे चालणारी बीट आणि तिच्यावर सॅक्सोफोन, ही रचना थोड्याच वेळात सुट्या दोन थरांत फुटते. इलेक्ट्रॉनिक संगीतातही सगळे ठेके सारखे नसतात. प्रत्येक मात्रेवर किक पडणारा ‘हाउस’ या नृत्यसंगीताचा ठेका मोकळ्या वादकासाठी सर्वांत अवघड, कारण त्याला शिरायला फटच मिळत नाही. त्या मानाने १६० ते १७० च्या टेम्पोवरची ‘जंगल’ या इलेक्ट्रॉनिक प्रकारातली तुटकी बीट सोयीची, कारण वादक तिच्या निम्म्या वेगाने चालू शकतो किंवा तिच्यातल्या खळग्यांत वाजवू शकतो.

आता रॅपरकडे वळतो, कारण तुमच्या चौघांत निर्णायक जागा त्याची आहे आणि प्रश्नात त्याचा उल्लेख सर्वांत शेवटी आला आहे. लय धरण्याचे काम ड्रमनेच करावे, असा नियम नाही. रॅपरच्या शब्दांत मात्रा इतक्या पक्क्या असतात की संपूर्ण गट त्याच्यावर विसंबू शकतो. बीट पूर्ण थांबवावी, रॅपरने चार बार एकट्याने म्हणावेत, आणि ड्रमवादकाने त्याच्या अक्षरांना उत्तरे द्यावीत. हा सराव एकदा करून पाहावा, गटाचा तोल कुठे आहे ते लगेच कळते. आवाज आणि मोकळे वादन यांचे नाते हिप-हॉपपेक्षा जुने आहे : कवी अमिरी बराका यांनी सनी मरे यांच्या गटासोबत आपली कविता १९६५ मध्येच ध्वनिमुद्रित केली होती. लॉस एंजेलिसच्या फ्रीस्टाइल फेलोशिप या रॅप गटाने १९९३ मध्ये रॅपच्या ओळी जॅझच्या एकल वादनासारख्या ताणल्या-तोडल्या, आणि आज इररिव्हर्सिबल एंटँगलमेंट्स या गटात कॅमे अयेवा आपल्या कविता मोकळ्या वादनाच्या मधोमध उभ्या राहून म्हणतात. यांतल्या अयेवा आणि बराका यांच्या मार्गात शब्द मात्रांतून सुटलेले आहेत. तुमच्या रॅपरला सोळा बारांची सवय असेल, तर त्याला एका दिवसात तिथे ओढू नये. पहिली मात्रा कुठे आहे हे त्याला एका कुठल्या तरी आवाजातून कळत राहील, एवढी व्यवस्था करावी. मग तो आवाज एक घंटा असो की डबल बासचा एकच स्वर.

रॅपर आणि सॅक्सोफोन यांची खरी झटापट वारंवारतांची असते. व्यंजने समजतात ती मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि जोराने फुंकून चिरकवलेल्या सॅक्सोफोनची ऊर्जाही नेमकी तिथेच दाटते. रॅपरचा आवाज येताच सॅक्सोफोनच्या त्या पट्ट्यातून ३-४ डेसिबल आपोआप खाली जातील, असा डायनॅमिक इक्वलायझर लावता येतो. पण त्याआधी वादकाला एवढेच सांगून पाहावे की ओळ चालू असताना खालच्या सप्तकात राहा आणि किंकाळी श्वासाच्या फटीत टाका. चांगल्या वादकाला हे बंधन वाटत नाही, कारण त्यात त्याला ऐकण्यासारखे काहीतरी मिळते.

खालच्या टोकाला आणखी एक अडचण असते, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ८०८ या ड्रमयंत्राची लांब शेपटीची (आघातानंतर बराच वेळ घुमणारी) किक म्हणजे प्रत्यक्षात एक स्वर असतो. ती ४९ हर्ट्झला लावली असेल, तर तो खर्जातला ‘जी’ आहे, आणि दर बारला तोच स्वर घुमत राहिला की ऐकणाऱ्याचा कान त्यालाच घर मानू लागतो. मग सॅक्सोफोनवादक कुठेही गेला, तरी तो घराबाहेर गेल्यासारखाच वाटतो. तुम्हाला जाणवणारा ‘सुरांचा’ त्रास बहुधा इथला आहे. शेपूट छोटी करावी, म्हणजे किकचा नुसता धक्का उरेल आणि स्वर जाणवणार नाही, किंवा तिचा स्वर वादकाच्या मागोमाग हाताने बदलत ठेवावा. पुढे डबल बास घेणार असाल, तर दोघांपैकी खर्ज कोणाचा, हे रचनेगणिक ठरवावे. त्या बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे दोघे एकाच जागेसाठी भांडणार.

शेवटची बाब संगीताबाहेरची आहे, पण ती मागे ठेवली तर गट मोडतात. मोकळ्या वादनात लिहिलेली रचना नसते. जे वाजले ते सर्वांनी मिळून त्या क्षणी रचलेले असते. त्यातले ५.३ सेकंद कापून तुम्ही बीट बांधलीत, तर रचनाकार कोण? तुम्ही म्हणाल, कापले मी. ड्रमवादक म्हणेल, हात माझा होता. आणि दोघांचेही बरोबर असेल. ध्वनिमुद्रणाला बसण्यापूर्वीच एका पानावर लिहून ठेवावे की त्या दिवशीच्या वादनातून निघालेल्या प्रत्येक रचनेत चौघांचे श्रेय किती, कापलेले तुकडे दुसऱ्या प्रकल्पात वापरायचे असतील तर कोणाची परवानगी लागेल, आणि ज्याचे वादन अंतिम मिश्रणात राहिलेच नाही त्याला मानधन मिळणार की नाही. उद्याच्या सरावाला हे पान सोबत न्यावे, आणि पहिला अर्धा तास बीट बंदच ठेवावी.